थाप ओळखायची तर 'मी' शोधू नका, क्रियापद ऐका

साताऱ्यात स्थळं बघायला लागलं की हे वाक्य कानावर येतंच: 'मुलगा पुण्यात असतो, कंपनीचं सगळं बघतो.' आता 'बघतो' म्हणजे नेमकं काय करतो?

2003 साली अमेरिकेत न्यूमन, पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी खऱ्या आणि खोट्या बोलण्यातले शब्द संगणकाला मोजायला लावले. खोट्यात 'मी' कमी आढळला. 'पण', 'सोडून' असे फरक दाखवणारे शब्दही कमी. रचलेल्या गोष्टीत बारकावे सांभाळणं जड जातं ना! विषय एकच ठेवला, तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात संगणक 67 टक्के वेळा बरोबर निघाला.

पण हे मराठीला तसंच लावलंत तर फसाल. 'मी' आपण एरवीही गाळतो. 'बँकेत गेलो' म्हटलं की 'गेलो'मध्ये मी आलाच. 'फॉर्म भरला' म्हणून बघा. क्रियापद फॉर्मशी जुळलं. भरला कोणी, पत्ता नाही. लपायला जागा व्याकरणच देतं. 'नोकरी सोडली' म्हणजे स्वतःहून. 'काढलं' म्हणजे मालकाने. आणि 'सुटली' म्हटलं की दोघंही गायब!

लगेच शिक्का मारू नका. एकत्र कुटुंबात 'आम्ही', 'आमचं' हे साधं बोलणं आहे, आणि लाजरा मुलगाही तुटक बोलतो. नुसतं ऐकून खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्के वेळाच बरोबर ठरतात, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा जेमतेम बरं.

म्हणून आधी जिथे खोटं बोलायचं कारणच नाही असं काही विचारा: कॉलेज, क्रिकेट. त्याची बोलायची ढब कळते. मग नोकरीवर या. पगार विचारू नका, ते उत्तर पाठ असतं. 'शिफ्ट सुटल्यावर गेटवरून खोलीवर कसे जाता?' हे विचारा. इतका वेळ 'जातो, खेळतो' म्हणणारा इथे अचानक 'जाता येतं, सोय होते' म्हणायला लागला, तर आणखी दोन प्रश्न विचारा.

'आमची 5 एकर बागायत' असेल तर वाद नको, सातबारा मागा. खातं सामाईक आहे का, नावं किती, ते बघा. पाच नावं असली तर 'आमची' खरंच. त्याच्या वाट्याचा हिशोब वेगळा.

आणि हो, उत्तर मामांनी दिलं तर ते धरू नका. प्रश्न मुलालाच पुन्हा विचारा.