आधी पाणी मागा

बंधूंनो आणि भगिनींनो, योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू विहिरीपाशी शोमरोनी बाईला भेटतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. प्रभूने उपदेशाने सुरुवात केली नाही, आधी तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं. लूकच्या दहाव्या अध्यायात तो शिष्यांना सांगतो, पुढे वाढतील ते खा आणि घरोघर फिरत बसू नका. आपण उलटं करतो. नाताळला साऱ्या बिल्डिंगमध्ये केक वाटतो, पण शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला लाजतो. घेणं आधी शिकायला हवं. त्यासाठी दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यांची दोनच घरं निवडा, आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी तिथे दहा मिनिटं टेका.

आज आपण वाशीत बसलोय. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, 1970 साली आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन या शहरासाठी गेली. भाताची खाचरं गेली, मिठागरं गेली. जानेवारी 1984 च्या आंदोलनात उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेमागे हा लढा आहे. तेव्हा आगरी-कोळी शेजाऱ्याला पहिल्याच भेटीत प्लॉटचा भाव विचारू नका. गाव कुठलं, शेत कुठे होतं, गावदेवीची जत्रा कधी असते, हे विचारा आणि जत्रेला जा. इथे पाहुणे आपण आहोत.

आता प्रसाद. पहिल्या करिंथमध्ये, दहाव्या अध्यायात, पौल सांगतो की आमंत्रण आलं तर जा, वाढलेलं खा, चौकशी करू नका. पण हे अर्पण केलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याचा विचार करून खाऊ नका. यावर आपल्या मंडळ्यांत एकमत नाही. तुमचा निर्णय घरून निघतानाच करा, दारात गोंधळ नको. घेणार नसाल तर यजमानांना आधी नम्रपणे सांगा. हातात घेऊन कोपऱ्यात ठेवून देणं हा अपमान आहे, आणि तो दिसतो. आरतीला शांत उभं राहता येतं, नंतर मांडवातल्या खुर्च्या उचलता येतात.

द्यायची वेळ आली की घोळ पदार्थांत होतो. केकमध्ये अंडं असतं, मनुका रममध्ये भिजवलेल्या असतात, कलकल या तळलेल्या गोड खाऊच्या पिठातही बऱ्याच घरी अंडं घालतात. नेवऱ्या, म्हणजे करंज्याच, त्यातल्या त्यात सोप्या. मात्र ज्या तेलात बोंबील तळले त्यात त्या तळू नका. डब्यावर काय घातलंय ते लिहा. बरेच जैन सूर्यास्तानंतर खात नाहीत, त्यांच्याकडे दुपारी जा. मुसलमान शेजाऱ्यांसाठी रम नको, आणि मार्शमेलोही नको, त्यात जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं.

बोलण्याकडेही लक्ष हवं. बाहेरच्या माणसाला ‘साक्ष’ म्हटलं की कोर्ट आठवतं, ‘मंडळी’ म्हणजे जमलेले लोक. म्हणून साधं सांगा: ‘माझ्या आयुष्यात हे घडलं’, ‘आमच्या चर्चमधली माणसं’.

कोणी दवाखान्यात असेल तर डबा द्या, रात्री सोबतीला बसा. प्रार्थना विचारून करा, एका मिनिटात संपवा, आणि नको म्हणाले तरी दुसऱ्या दिवशी डबा जाऊ द्या. डब्यात पत्रक ठेवू नका, नाहीतर मदतीची किंमत मागितल्यासारखं होतं. आपल्याकडे कोणी डबा रिकामा परत करत नाही. त्यातून जे येईल ते खा, आणि कसं केलं ते विचारायला त्यांच्या घरी जा.