एकाच पुस्तकाच्या दोन प्रती

एदो शहर, म्हणजे आजचं टोकियो. साल सुमारे १७९०. प्रकाशक त्सुताया जुझाबुरो चित्रकार उतामारोकडून पक्ष्यांचं एक पुस्तक करून घेतो, 'मोमोचिदोरी क्योकाआवासे'. दोन भाग, पंधरा चित्रं, दर चित्रात दोन पक्षी, आणि प्रत्येक पक्ष्याच्या नावे एक खट्याळ प्रेमकविता.

जुनी प्रत विकायला आली की जाणकार संग्राहक आधी बगळ्याचं पान काढतात. पांढऱ्या कागदावर पांढरा पक्षी! त्याच्या पिसांना शाईचा स्पर्शही नाही. कोरलेला लाकडी ठसा कोराच ओलसर कागदावर दाबलाय. पान उजेडात तिरपं धरा, पीस न् पीस उठून दिसेल. पण ठसे झिजतात. मागाहून छापलेल्या प्रतींत रेषा बोथट होतात, कडा तुटतात. पुस्तक तेच, मोल मात्र निराळं.

निळ्या रंगाचंही तसंच. त्या काळी तो बरेचदा एका रानफुलापासून काढत, आपल्याकडच्या केनाच्याच कुळातलं फूल. ऊन आणि ओल लागली की हा निळा उडून जातो. भिंतीवर टांगलेल्या चित्रांतून तो केव्हाच गेला. मिटलेल्या पुस्तकांत पुष्कळदा टिकला.

किडीने पाडलेली भोकं जपानी कागदाने बुजवता येतात. पण एकेक चित्र सुटं विकून जास्त पैसे मिळतात म्हणून अशी कितीतरी पुस्तकं फोडली गेली. याला क्षमा नाही. जोडीदार पक्षी, कविता, पानांचा क्रम, सगळंच विखुरलं.

जपानी पक्ष्यांच्या चित्रांचा दुसरा मोठा ठेवा हॉलंडमधल्या लायडनचा. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर, डच वखारीत १८२३ ते १८२९ या काळात फॉन सीबोल्ड हा जर्मन डॉक्टर होता. त्याने जमवलेल्या नमुन्यांवरून लायडनमध्ये 'फाउना जापोनिका', म्हणजे 'जपानचे प्राणी', हा ग्रंथ निघाला. त्यातला पक्ष्यांचा खंड प्राणिशास्त्रज्ञ टेमिंक आणि श्लेगेल यांनी १८४४ ते १८५० दरम्यान सिद्ध केला.

त्यातच आहे तोकी, लाल तोंडाचा जपानी आयबिस. जपानच्या मूळ वंशातला शेवटचा तोकी २००३ साली मेला. आज सादो बेटावर उडणारे तोकी चीनहून आणलेल्या पक्ष्यांचे वंशज. ग्रंथातली चित्रं हाताने रंगवलेली आहेत, त्यामुळे तोकीच्या पंखांवरची गुलाबी झाक प्रत्येक प्रतीत थोडी वेगळी उतरते. ती नीट पाहायची, तर एक प्रत पुरत नाही.