ब्रायटनच्या गर्दीतला खुनी

नमस्कार श्रोतेहो. रिचर्ड ॲटनबरो म्हटलं, की आपल्याला ‘गांधी’ आठवतो, त्यातल्या रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा आठवतात. पण या ॲटनबरोंनी विशीत असताना पडद्यावर एक कोवळा, निर्दय खुनी उभा केला होता. चित्रपट १९४८ सालचा, ‘ब्रायटन रॉक’. ग्रॅहम ग्रीन यांच्या कादंबरीवरचा. दिग्दर्शक जॉन बोल्टिंग, निर्माता त्यांचाच जुळा भाऊ रॉय.

ब्रायटन म्हणजे लंडनकरांचं सुट्टीचं गाव. ऊन, समुद्र, घोड्यांच्या शर्यती, आणि त्या शर्यतींवर पोसलेल्या, वस्तरे चालवणाऱ्या टोळ्या. हे ब्रायटन आता उरलेलं नाही, अशी ग्वाही देणारी पाटीच चित्रपटाच्या सुरुवातीला येते.

फ्रेड नावाच्या माणसामागे पिंकीची, म्हणजे ॲटनबरोंनी साकारलेल्या त्या कोवळ्या खुन्याची, टोळी लागते. तो मुद्दाम माणसांत राहतो. इतक्या लोकांसमोर कोण हात लावणार? शेवटी तो जत्रेतल्या भुताच्या आगगाडीत बसतो. पिंकीही चढतो. आत अंधार आणि किंचाळ्या. तिथं सगळेच ओरडतात, मग एकाच्या ओरडण्याकडे कोण लक्ष देणार? गर्दीवर विसंबणारा माणूस गर्दीतच मरतो. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो.

ॲटनबरोंनी हीच भूमिका आधी रंगभूमीवरही केली होती. पडद्यावर त्यांचा आवाज क्वचितच चढतो. बोटांत दोरा गुंफत ते नुसते बघत राहतात, आणि आपल्याला धडकी भरते.

पुढे रोझ येते. खानावळीत वाढपाचं काम करणारी भाबडी पोर. तिनं जे पाहिलंय, ते पिंकीला फासावर नेऊ शकतं. बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही, म्हणून तो तिच्याशी लग्न करतो. तिला त्याच्या आवाजाची तबकडी हवी असते. तो काचेच्या खोलीत शिरतो आणि तिच्याबद्दलचा सगळा तिरस्कार ओकतो. बाहेर ती हसत उभी असते, तिला काही ऐकू येत नाही. आपल्याला मात्र शब्द न् शब्द ऐकू येतो.

त्या तबकडीचं पुढे काय होतं, ते सांगत नाही. कादंबरीचा शेवट वेगळा आहे आणि चित्रपटाचा वेगळा. चित्रपटाचा मवाळ आहे, असं अनेकांनी म्हटलं. मला तो अधिक क्रूर वाटतो. आधी चित्रपट पाहा, मग कादंबरी वाचा, आणि तुम्हीच ठरवा. नमस्कार.