पाळण्याची कडी

श्रोतेहो, नमस्कार. बोलायला सुरुवात करण्याआधी एक आवाज ऐकवते.

(लोखंडी कडी टेबलावर ठेवल्याचा आवाज. पुन्हा एकदा.)

ही लोखंडाची कडी आहे. तळहातावर मावते, करंगळीएवढी जाड आहे आणि गंजून लाल झाली आहे. रेडिओवरून तुम्हाला ती दिसणार नाही, म्हणून रंग सांगते. पहिल्या पावसात कोकणातली जांभ्याची भिंत भिजली की जसा रंग येतो ना, अगदी तसा. आणि हे काही नुसतं वर्णन नाही. जांभा लाल असतो तो त्यातल्या लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरू, रांगोळीआधी अंगण सारवतो ती काव, ही सगळी गंजाचीच भावंडं. मग दारावरचा गेरू आपल्याला शुभ वाटतो आणि खिडकीच्या गजावरचा गंज तेवढा अवदसा वाटतो, हे मला कधी पटलेलं नाही.

मी चित्रकार आहे. गेली बरीच वर्षं गंजलेलं लोखंड गोळा करते, कापडावर त्याचे ठसे घेते. त्याच ओढीनं दुसऱ्यांच्या हातचं कामही गोळा करते. कुणाची गोधडी, कुणी घडवलेला विळा, धारावीच्या कुंभारवाड्यातल्या पणत्या. लोक विचारतात, गंज आणि गोधडी, यांचा संबंध काय? संबंध हाताचा आहे. हात कुठे लागला आणि कुठे लागला नाही, हे गंज सांगतो. पुन्हा सांगते, हात कुठे लागला आणि कुठे लागला नाही. जुन्या चाळीचा कठडा आठवा. वरची पट्टी, जिथे सगळे टेकून उभे राहतात, ती गुळगुळीत आणि काळसर असते. खालची नक्षी, जिथे कुणाचा हात जात नाही, ती लाल असते.

गंज चढतो कसा, हे मुंबईकराला शिकवावं लागत नाही. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की झालं. त्यात आपल्या हवेत समुद्राचं मीठ, म्हणून इथे तो पुण्यापेक्षा लवकर चढतो. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. आतली सळई फुगते आणि स्लॅबचं प्लॅस्टर पडतं, ते त्यामुळेच. तिथे गंजाचं कौतुक करू नका, वेळेवर इंजिनिअरला बोलवा. पण कठड्याचं तसं नाही. दिवाळी आली की सोसायट्या जुन्या बिडाच्या कठड्यावर चंदेरी ऑइलपेंट फासतात. एकावर एक थर चढत जातात, आणि ओतकाम करणाऱ्यानं काढलेली वेलबुट्टी आत गाडली जाते. कृपा करून एकदा जुना रंग नीट उतरवून घ्या आणि खाली काय आहे ते पाहा.

आता या कडीची गोष्ट. ती सांगायलाच मी आज आले आहे.

गिरगावात आमची चाळ होती. तीन मजली, सागवानी तुळयांची, शंभरी ओलांडलेली. पुनर्विकासाला गेली आणि एका मे महिन्यात सगळ्यांनी किल्ल्या दिल्या. जाताना प्रत्येकानं काही ना काही नेलं. कुणी देवळी काढून नेली, कुणी दाराची पितळी कोयंडी. मी नेली आईची विळी आणि खलबत्ता. दहिसरच्या भाड्याच्या घरात दहाव्या दिवशी रात्री पंख्याकडे बघत पडले होते, आणि एकदम आठवलं, पाळण्याच्या कड्या राहिल्या!

आमच्या खोलीत तुळईला दोन कड्या होत्या. माझे वडील, दोन आत्या, मी, माझा भाऊ, भावाची मुलगी, सगळी त्या कड्यांना टांगलेल्या पाळण्यात झोपलेली. एवढी वर्षं डोक्यावर होत्या, आणि निघताना मी मान वर करून पाहिलं नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं गिरगाव गाठलं. चाळीला छप्परच नव्हतं. तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं नेलेल्या, लोखंड भंगारात गेलेलं. रखवालदार म्हणाला, "ट्रक दारूखान्यात गेला, ताई. परवाच."

दारूखाना म्हणजे रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, बंदराच्या बाजूला. जुनी जहाजं फोडून निघालेलं लोखंड तिथे गल्लीगल्लीत विकायला असतं. माणसाहून उंच नांगर, मांडीएवढ्या जाड साखळ्या, जहाजाच्या गोल खिडक्या. थोडं विषयांतर करते, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. रे रोड हे नाव लॉर्ड रे यांचं, १८८५ ते १८९० या काळातले मुंबईचे गव्हर्नर. त्यांच्याच नावाची रे आर्ट वर्कशॉप्स १८९१ साली आपल्या जे. जे. कलाशाळेत सुरू झाली, हस्तकला शिकवण्यासाठी. माझं तर म्हणणं आहे की कलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक अख्खा दिवस दारूखान्यात सोडावं. कागद-पेन्सिल देऊन, मोबाइल काढून घेऊन.

तर, आमच्या चाळीचं लोखंड ज्या गाळ्यात उतरलं होतं तो तासाभरात सापडला. माल वेगळा करून झाला होता. बीड एकीकडे, पत्रा एकीकडे, सळया एकीकडे, आणि खिळे, बिजागऱ्या, हूक, कड्या यांचा गुडघाभर ढीग. ढिगाशी एक वयस्क कामगार बसले होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. मी काय हवंय ते सांगितलं. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पहचानोगी कैसे?"

मी म्हटलं, कडी आतून झिजलेली असेल. पाळण्याचा आकडा वर्षानुवर्षं एकाच जागी घासला गेलाय.

बस्स, पुढे मला काही बोलावं लागलं नाही. चाचांनी ढिगातून मूठभर कड्या उचलल्या. बघितल्या नाहीत, श्रोतेहो. नजर रस्त्याकडे होती. एकेका कडीच्या आत नुसता अंगठा फिरवायचा आणि टाकून द्यायची. फिरवायचा आणि टाकून द्यायची. आवाज येत होता, ठण्, ठण्, ठण्. मग एक कडी बाजूला ठेवली. मग दुसरी. अर्ध्या तासात सात कड्या निघाल्या. सातही आतून झिजलेल्या, एका बाजूला चंद्राच्या कलेसारख्या बारीक झालेल्या.

सात! मी फक्त आमच्या दोन शोधायला गेले होते. चाळीतल्या प्रत्येक खोलीत पाळणा हलला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि त्यातल्या आमच्या कुठल्या, हे मला सांगता येईना.

मी म्हटलं, सगळ्या द्या. तागडीत घातल्या, किलोला थोड्या कमी भरल्या. शेठनं भंगाराच्या भावानं पैसे लावले. मी निघाले, तर चाचांनी हाक मारली आणि एक कडी परत मागून घेतली. कमरेच्या फडक्यानं पुसली, उन्हात तिरकी धरली आणि म्हणाले, "ये देखो. ये हाथ का है।"

त्यांनी दाखवलं ते मी कितीही पाहिलं असतं तरी एकटीला दिसलं नसतं. बाकीच्या सहा कड्या गज वाकवून केलेल्या, कारखान्यातल्या. त्यांच्यावर गंजाचे खड्डे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे. या एकीवर मात्र गंजाच्या रेघा होत्या. लांब, एकमेकींना लागून, लाकडाच्या शिरांसारख्या. ते जुनं घडीव लोखंड. भट्टीतली मळी त्यात राहून जाते, आणि घणाखाली ताणली गेली की तिचे धागे होतात. लोखंड नवं असताना हे धागे दिसत नाहीत. गंज लोखंड खात जातो आणि धागे उघडे पडतात. म्हणजे वस्तू घडवली कशी, हेही गंज सांगतो. आणि जिथे कडीची दोन टोकं लोहारानं लालबुंद करून, एकावर एक ठेवून ठोकली होती, तिथे सांध्याची तिरपी रेघ होती. चाचांनी तिच्यावर नख फिरवलं. त्यांचे आजोबा लोहार होते, भाता ओढण्याचं काम लहानपणी त्यांच्याकडे होतं. इतकंच सांगितलं आणि पुन्हा ढिगाकडे वळले.

(कडीचा आवाज.)

हीच ती कडी.

त्या पावसाळ्यात मी सातही कड्यांचे ठसे घेतले. रीत साधी आहे. मांजरपाटाचं धुवट कापड व्हिनेगरमध्ये भिजवायचं, लोखंडावर घट्ट गुंडाळायचं, वरून प्लास्टिक लावायचं. मुंबईच्या दमट हवेत एका रात्रीत केशरी ठसा उठतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं. त्याच कापडाला हिरड्याचं पाणी दिलंत तर केशरी जाऊन काळा-निळा रंग येतो. मात्र जास्त दिवस ठेवू नका. लोखंड कापड कुजवतं.

हे मला माहीत होतं, तरी मी चुकले. ठसे गडद यावेत म्हणून चार दिवस ठेवले. ते कापड घेऊन डिलाईल रोडला एका मैत्रिणीकडे गेले. ती मूळची साताऱ्याकडची, गोधड्या शिवते. तिच्या धावदोऱ्याला मी गुरू मानते. माझी कल्पना होती की ठशांवरूनच टाके जावेत. तिनं कापड दोन बोटांत धरून हलकेच ताणलं आणि म्हणाली, "अगं, हितं कापड जळलंय. टाका धरायचा नाही." मग तिनं तिच्या मनानं केलं. ठशाला सुई लावलीच नाही. प्रत्येक कडीभोवती गोल गोल टाके घालत गेली, विहिरीत खडा टाकल्यावर पाणी पसरतं तसे. सात खडे, सात वर्तुळं, आणि जिथे वर्तुळं एकमेकांना भेटतात तिथे दोरा लाल. दोन महिने लागले तिला. ती गोधडी प्रदर्शनात लावली तेव्हा खाली दोघींची नावं होती आणि तिचं नाव आधी होतं. तिथे एक बाई भावात घासाघीस करायला लागल्या. मी त्यांना नमस्कार करून नाही म्हटलं. दोन महिन्यांच्या बोटांची किंमत कमी करण्याचा हक्क मला नाही, आणि हाताच्या कामात घासाघीस करू नये असं माझं ठाम मत आहे. भाजीवालीशी तर मुळीच करू नये.

कड्यांचं काय झालं? सहा कड्या मी जुन्या शेजाऱ्यांना नेऊन दिल्या. कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला, कुणी बदलापूरला. कुठली कुणाची, हे कुणीच विचारलं नाही. ज्यानं त्यानं आत अंगठा फिरवून पाहिला आणि ठेवून घेतली. ही सातवी, हाताची, माझ्याकडे राहिली.

डोंबिवलीच्या काकूंकडे यंदा चैत्रात नात झाली. नव्या फ्लॅटमध्ये तुळई कुठली? त्यांच्या मुलानं स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून घेतला, त्याला ती कडी अडकवली आणि पन्नास किलो तांदळाचं पोतं दोन दिवस टांगून ठेवलं. मग पाळणा बांधला. गेल्या रविवारी मी बघायला गेले होते. बाळ झोपलं होतं. मी स्टुलावर चढून कडीच्या आत बोट फिरवलं. तेवढ्या जागचा गंज गेला होता, लोखंड चकचकीत झालं होतं. आणि पाळण्याखाली फरशीवर लालसर पूड पडली होती, चिमूटभर. काकू म्हणाल्या, "रोज सकाळी पडते गं. पुसते मी."