धून ब्रूसची, पाऊल फ्रान्सचं

(दृश्य: फ्रान्स. दगडी रस्त्यावरून लष्करी बँड येतो आहे. आधी फक्त ढोलाचा ठेका, मग पितळी वाद्यं.)

गणवेश फ्रेंच, झेंडा फ्रेंच, वाजवणारेही फ्रेंच. धून मात्र स्कॉटलंडची. हिचं फ्रेंच नावच आहे 'रॉबर्ट ब्रूसच्या सैनिकांचं संचलन'. ब्रूस म्हणजे १३१४ साली बॅनॉकबर्नच्या मैदानात इंग्रजांना धूळ चारणारा स्कॉटिश राजा. त्याच्या शिपायांच्या चालीवर फ्रेंच शिपाई पावलं टाकतात, हे कसं काय?

दंतकथा सांगते, की बॅनॉकबर्नला हीच धून वाजली. पुढे ११५ वर्षांनी, २९ एप्रिल १४२९च्या संध्याकाळी फ्रान्सची वीरकन्या जोन ऑफ आर्क इंग्रजांच्या वेढ्यातल्या ऑर्लेआँ शहरात शिरली, तेव्हा तिच्या स्कॉटिश तिरंदाजांनी पुन्हा हीच वाजवली. कवी रॉबर्ट बर्न्सच्या कानावर बॅनॉकबर्नची कथा गावोगावी आली होती. तिच्या भरात १७९३ साली त्याने या चालीवर आपलं प्रसिद्ध गीत लिहिलं. पण ही धून छापलेली सापडते ती अठराव्या शतकात. त्याआधीचं सगळं ऐकीव. गोष्ट फक्कड आहे, पण शपथेवर सांगावी अशी नाही.

नावाची गोष्ट वेगळी आहे. ब्रूसच्या वंशातली माणसं खरोखरच फ्रान्ससाठी लढली.

(दृश्य: समुद्रकाठ, ला रोशेल बंदर.)

स्कॉटलंड आणि फ्रान्स यांचा दोस्तीचा तह १२९५चा. शत्रू एकच, इंग्लंड. १४१५ साली इंग्रजांशी लढताना आझँकूरच्या चिखलात फ्रेंच सरदारांची एक फळीच्या फळी कापली गेली आणि युवराज शार्लला बाहेरून माणसं मागवावी लागली. १४१९मध्ये सुमारे सहा हजार स्कॉटिश जहाजांनी आले. त्यांचा म्होरक्या होता बकनचा अर्ल जॉन स्टुअर्ट. कोण हा? रॉबर्ट ब्रूसचा खापरपणतू!

फ्रेंच दरबाऱ्यांना हे पाहुणे आवडले नाहीत. 'मेंढ्या फस्त करणारे, दारूचे बुधले' अशी कुजबुज युवराजाच्या कानी गेली. मग २२ मार्च १४२१ला, ईस्टरच्या आदल्या दिवशी, बोझे गावाजवळ गंमत झाली. इंग्लंडच्या राजाचा सख्खा भाऊ, क्लॅरन्सचा ड्यूक, आपल्या तिरंदाजांची वाटही न बघता स्कॉटिशांवर तुटून पडला आणि जागीच मेला. स्कॉटिश बखरकार सांगतो, की युवराजाने दरबाऱ्यांना हसून विचारलं: काय, आता काय म्हणता माझ्या मेंढीखाऊंबद्दल? बकन फ्रान्सचा सरसेनापती झाला.

(दृश्य: डग्लस घराण्याची ढाल. निळ्या पट्टीखाली लाल हृदय.)

हे हृदय ब्रूसचं आहे. मरताना ब्रूसने सांगितलं होतं, माझं काळीज धर्मयुद्धावर घेऊन जा. त्याचा सवंगडी जेम्स डग्लस ते डबीत घालून निघाला आणि १३३० साली स्पेनमध्ये लढताना पडला. त्याचा नातू आर्चिबाल्ड, डग्लसचा चौथा अर्ल. लढाईत याचं नशीब कायम उलटं. १४०२मध्ये होमिल्डन टेकडीवर एक डोळा गेला आणि इंग्लंडच्या पर्सी घराण्याच्या कैदेत पडला. पुढच्याच वर्षी त्याच पर्सींच्या बाजूने श्रूजबरीला लढला आणि पुन्हा पकडला गेला. स्कॉटिश लोकांनी त्याचं नावच 'हरणारा' ठेवलं.

बकन त्याचा जावई. जावयापाठोपाठ सासराही १४२४मध्ये हजारोंची फौज घेऊन फ्रान्सला आला. शार्लने त्याला तुरेनचा ड्यूक केलं. तूर शहरात तो मिरवत शिरला, आणि काही महिन्यांतच तिथल्याच कॅथेड्रलमध्ये पुरला गेला. १७ ऑगस्टला व्हर्नयच्या लढाईत स्कॉटिशांनी आधीच कळवलं होतं, दया मागणार नाही आणि देणारही नाही. झालंही तसंच. सासरा-जावई दोघेही त्याच मैदानात कामी आले.

उरला डार्नलीचा जॉन स्टुअर्ट. नाव बकनचंच, माणूस वेगळा. फेब्रुवारी १४२९. ऑर्लेआँला वेढा घालून बसलेल्या इंग्रजांकडे रसदीच्या गाड्या निघाल्या होत्या. उपासाचे दिवस, मांस वर्ज्य, म्हणून गाड्यांत खारवलेले हेरिंग मासे. रुव्रेजवळ इंग्रजांनी त्या गाड्यांचाच कोट केला. जॉन स्टुअर्टने धीर धरला नाही, घोड्यावरून उतरून तो पायीच चालून गेला. तो पडला, त्याचा भाऊही पडला. इतिहासात या लढाईचं नाव 'हेरिंगची लढाई'. इतकी माणसं मेली आणि नाव मिळालं माशांना!

त्याला ऑर्लेआँच्या कॅथेड्रलमध्ये पुरलं. अडीच महिन्यांनी जोन त्या शहरात आली तेव्हा तिथला बिशपसुद्धा स्कॉटिशच होता. ८ मे रोजी वेढा उठला. तो दिवस शहर आजही मिरवणूक काढून साजरा करतं.

(दृश्य: ओबिन्यी-सुर-नेर. लाकडी चौकटींची घरं, वर स्कॉटिश झेंडे.)

शार्लने डार्नलीला दिलेली ही जहागीर. त्याचे वंशज इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. स्कॉटलंडमधल्या शाखेतला एक जण तिथल्या मेरी राणीचा नवरा झाला, आणि त्यांचा मुलगा जेम्स १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर बसला. ओबिन्यीत दर जुलैत स्कॉटिश जत्रा भरते. फ्रेंच पोरं गुडघ्यापर्यंतचे किल्ट घालून, गाल फुगवून पाइप वाजवतात.

(निवेदन थांबतं. पाइपचा आवाज मोठा होत जातो.)