खरखर कुठं अडवायची

मित्रहो, मे महिन्यात नागपुरात घराघरांत कूलर सुरू झाले की माझा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, रिसीव्हर घरघरायला लागतो. दोष मोटरचा नाही, तिचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. रेग्युलेटरमधला ट्रायॅक, म्हणजे वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, तिच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात एकदा झटक्यानं चालू होतो, म्हणजे सेकंदाला १०० झटके. ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या हौशी पट्ट्यावर, एखादा क्षीण आवाज त्याखाली सहज गाडला जातो.

पण हा झटका टिकतो किती? काही मायक्रोसेकंद. पुढचा येतो १० मिलिसेकंदांनी. म्हणजे जवळजवळ सगळा वेळ बँड मोकळाच असतो! तरी कानाला सलग घरघर का लागते? कारण सिंगल साइडबँड, म्हणजे हौशी रेडिओवर बोलण्याची कमी जागा घेणारी पद्धत, ऐकताना आपण सिग्नल अडीच किलोहर्ट्झच्या अरुंद फिल्टरमधून नेतो. देवळातल्या घंटेसारखं आहे हे. टोला क्षणाचा, नाद मात्र लांबतो. फिल्टर जितका अरुंद, तितका नाद लांब.

म्हणून नॉइज ब्लँकर, म्हणजे असे झटके ओळखून पुसणारी सोय, फिल्टरच्या आधीच हवा. सॉफ्टवेअर रेडिओची, म्हणजे सिग्नलचे आकडे करून संगणकावर हाताळणाऱ्या रेडिओची, खरी ताकद मला इथं दिसते. एकदम १९२ किलोहर्ट्झचा किंवा २ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्या हातात असतो आणि त्यात तो झटका सुईसारखा टोकदार उठून दिसतो. तेवढे मोजके नमुने, म्हणजे सिग्नलची क्षणाक्षणाची मोजमापं, वगळायचे, शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजानं भरायचे, मग फिल्टर लावायचा. फक्त एक सांभाळा. पट्ट्यात कुणी जोरदार स्टेशन असेल तर ब्लँकर त्यालाच झटका समजतो आणि सगळंच चिरफाळून टाकतो. हौशी रेडिओ स्पर्धेच्या दिवशी त्याची मर्यादा सैल ठेवा.

पावसासारखी सलग सळसळ मात्र अशी वेचून काढता येत नाही. तिच्यासाठी विड्रो आणि हॉफ या संशोधकांनी १९६० मध्ये मांडलेली एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर) पद्धत आहे, आणि ती मला फार सुंदर वाटते. सिग्नल थोडा उशिरा घ्यायचा आणि त्या जुन्या तुकड्यावरून आत्ताचा नमुना ओळखायचा प्रयत्न करायचा. चुकलं की गुणक किंचित सुधारायचे, असं सतत. तुम्ही लांब 'आ' म्हणा. त्याची लहर स्वतःलाच पुन्हा पुन्हा गिरवते, म्हणून तिचा अंदाज बांधता येतो. सळसळीला मागचं काही आठवत नाही, तिचा अंदाज लागत नाही. अंदाज लागला तेवढं ठेवलं की सळसळ उतरते. उलट, तेच मूळ सिग्नलमधून वजा केलं की बोलण्यावर बसलेली कॅरिअरची, म्हणजे नुसत्या सलग रेडिओ लहरीची, शिट्टी जाते. गणित एकच. पहिल्या वापराला नॉइज रिडक्शन म्हणतात, दुसऱ्याला ऑटो नॉच.

पुढं १९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी वर्णपटातून, म्हणजे आवाजातल्या वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या मांडणीतून, खरखरीचा अंदाज वजा करण्याची पद्धत मांडली. तिच्यात मागं टिणटिण उरायची. १९८४ मध्ये एफ्राइम आणि मालाह यांच्या पद्धतीनं ती बरीच घटली. आता न्यूरल नेटवर्कही आलं आहे. ऐकायला फार गोड लागतं, पण माझा अनुभव सांगतो: कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, लिहून घेताना मी हे सगळं बंद करतो. 'एस' आणि 'एफ' यांतला फरक कशात आहे? स आणि फ यांच्या फुसकाऱ्यात. ती फुसकारी सळसळीसारखीच दिसते. आधीच फिल्टरनं तिचा वरचा भाग कापलेला असतो, उरलेलं नॉइज रिडक्शन खातं. एफटी८, म्हणजे संगणकानं क्षीण संदेश वाचायची डिजिटल पद्धत, चालवत असाल तर डीकोडरला कच्चाच आवाज द्या.

काही खरखर मात्र कुठल्याच गणितानं जात नाही. आकाशवाणीचं नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर. ८ बिटांच्या स्वस्त डोंगलची, म्हणजे यूएसबीत लावायच्या छोट्या सॉफ्टवेअर रेडिओची, झेप (एकाच वेळी झेपणाऱ्या क्षीण आणि जोरदार सिग्नलमधलं अंतर) साधारण ५० डेसिबलची. जवळच्या मीडियम वेव्ह केंद्रानं त्याचं तोंड भरलं की नसलेली स्टेशनं सगळीकडे उगवतात. अँटेना आणि डोंगल यांच्यामध्ये मीडियम वेव्ह अडवणारा हाय-पास फिल्टर टाका, सॉफ्टवेअरमधली बटणं नंतर.

आणि त्याही आधी आपलं घर. माझ्या वॉटरफॉलवर, म्हणजे पट्ट्यातले सिग्नल सरकत्या चित्रात दाखवणाऱ्या पडद्यावर, ठरावीक अंतरानं जाड, डुलणारे पट्टे यायचे. मी लॅपटॉप बॅटरीवर घेतला, मेन स्विच पाडला, पट्टे गेले. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. निघाली जिन्यातली एलईडी ट्यूब! तिच्या ड्रायव्हरची वायर खरखर अडवणाऱ्या फेराइट रिंगवर दहा वेढे गुंडाळली तरी थोडं उरलं. शेवटी ट्यूबच बदलली.

आता त्या संध्याकाळची दोन ध्वनिमुद्रणं लावतो. पहिलं ट्यूब चालू असताना, नॉइज रिडक्शन पूर्ण लावून. दुसरं ट्यूब बंद करून, काहीही न लावता. ऑपरेटर तोच आहे, दोन्हींत कॉलसाइन दोनदा सांगतो. कागद-पेन घ्या आणि दोन्ही वेळा लिहून काढा.