नख तुटतं ते आपण केलेल्या पेटीत

मंडळी, मे महिन्यात धुळ्याहून एक आई आणि तिचा सहावीतला मुलगा माझ्या दवाखान्यात आले. मुलाच्या मांडीवर टब, टबात ओला टॉवेल आणि त्यात तळहाताएवढं कासव. पुढच्या उजव्या पायाचं मधलं नख मुळाशी उचकटलेलं, टॉवेलावर रक्ताचे चार ठिपके. "डॉक्टर, एकटंच असतं हो ते. मग लागलं कसं?" मी पेटीचा फोटो मागितला. कासवाला वर चढून बसता यावं म्हणून वडिलांनी हौसेनं लोखंडी जाळीचा ओटा केला होता. जाळीच्या भोकात नख अडकलं, कासवानं घाबरून पाण्यात उडी टाकली आणि सगळं वजन त्या एका नखावर आलं.

आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या घरांत दिसतं ते बहुतेक वेळा डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं कासव. तापी-गिरणेतलं आपलं कासव किंवा पाठीवर चांदण्या असलेलं तारा कासव घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. असं कासव सापडलं तर वनखात्याला कळवा.

आता नखाचं बघा. बैलाला पत्री ठोकणारा माणूस खिळा जिवंत भागाला लागू देत नाही. कासवाच्या नखातही असाच जिवंत भाग असतो, रक्तवाहिनी आणि मज्जातंतूसकट. म्हणून घरचं नेलकटर लावूच नका. त्यातून नराची पुढची नखं मुळातच लांब असतात. मादीच्या तोंडासमोर ती थरथरवून तो तिला रिझवतो. ही नखं वाढलीत म्हणून कापायला आणलेली निरोगी कासवं मी तशीच परत पाठवली आहेत.

बदलायची ती पेटी. नुसत्या काचेच्या तळावर पाय सटकतो आणि नख झिजतही नाही. अणकुचीदार खडी टाकली तर नख चिरतं. नदीतले गुळगुळीत गोटे घ्या, पण कासवाच्या डोक्यापेक्षा मोठे, नाहीतर ते गिळतं. फिल्टर आणि काच यांच्यामधल्या फटीत पाय अडकतो, ती फट बुजवा किंवा पाय सहज निघेल इतकी मोठी ठेवा. दोन कासवं एकमेकांचे पाय चावत असतील तर त्याच दिवशी वेगळी करा. "करतील मैत्री" म्हणून वाट बघू नका.

नख तुटलंच, तर आधी पाण्यातून बाहेर काढा. स्वच्छ पाण्यानं धुवा आणि स्वच्छ कापड काही मिनिटं दाबून धरा. रक्त थांबत नसेल तर मक्याचं पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर, दाबा. हळद नको, टूथपेस्ट तर नकोच. मग पोव्हिडोन आयोडिन, म्हणजे जखमेला लावायचं तपकिरी जंतुनाशक, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. दिवसाचा बराच वेळ कोरड्या टॉवेलावर सावलीत ठेवा, खाण्यापिण्यापुरतं स्वच्छ उथळ पाण्यात सोडा. आणि डॉक्टरांना दाखवा. कासवाचा पू वाहत नाही, पनीरसारखा घट्ट होऊन आत बसतो, त्यामुळे बोट सुजेपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही.

जखम चिघळते ती घाण पाण्यात. कवचाच्या दर इंचामागे साधारण 40 लिटर पाणी धरा. टेबलावरच्या काचेच्या वाडग्यात कासव ठेवून लक्ष्मी येईल असं समजणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, देवळात आपण कासवाला हात लावूनच आत जातो ना, मग घरातलं स्वतःच्या मुतात का बसवता? लाइट गेली की फिल्टर बंद पडतो. जास्त वेळ गेली तर थोडं पाणी बदला.

पाणी 24 ते 27 अंश हवं. मेमध्ये आपला पारा 45 गाठतो, तेव्हा गच्चीवरच्या पेटीत कासव अक्षरशः शिजतं. पण ऊन हवंच, कारण त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि नख-कवच मऊ पडतं. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. सकाळचं कोवळं ऊन द्या, टबाचा अर्धा भाग सावलीत ठेवा, आणि कावळा-मांजरासाठी जवळ बसून राहा. ते जमत नसेल तर यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा, दिवा लावा. कॅल्शियमसाठी पाण्यात समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा ठेवा. पोळी-भात बंद. हाताळल्यावर साबणानं हात धुवा, कारण कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. पेटी स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नका.

हे कासव 30 वर्षं जगू शकतं, मादी फूटभर होते. झेपत नाही म्हणून जळगावच्या मेहरूण तलावात सोडू नका. ते तिथल्या आपल्या कासवांच्या तोंडचा घास घेतं.

धुळ्याच्या त्या मुलानं जाळी काढली आणि पांझरा नदीतला सपाट दगड उकळून ठेवला. दिवाळीत फोटो आला. त्या बोटावर ज्वारीच्या दाण्याएवढं नवं टोक फुटलं होतं.